आज्जाचा फोर्स

सरकारनं आमच्या आज्जावर खटला भरला, तो एका माणसाला जेवायला बसवलं म्हणून. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुली तोंडावर हात घेऊन खिदळल्या. खिदळा! मीही खिदळले असते. पण त्या वेळी आज्जाच्या पोटात दोन दिवस अन्नाचा कण नव्हता.

मी चंदनबाला. सांगलीत मामाकडं राहून इंग्रजी पाचवीत शिकते, म्हणजे मॅट्रिकला अजून दोन वर्षं. आमच्या गावातून इंग्रजी शिकायला बाहेर पडलेली मी पहिली मुलगी. पहिली दोन वर्षं मी वर्गात मान खाली घालून बसायची. यंदा मात्र असं झालंय, की बाई 'बस' म्हणाल्या तरी मी बसत नाही, उत्तर पुरं करते. गाव सांगलीपासून सहा मैल. सांगली राजाची आणि आमचं गाव इंग्रजाचं, सातारा जिल्ह्यातलं. घरात आम्ही तिघं: आज्जा, आई आणि मी. वडील मी पाळण्यात असतानाच गेले. आज्जाचं नाव आदगोंडा, वय बहात्तर, आणि शेत अजून तोच बघतो.

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. शनिवारी शाळा सुटल्यावर मी घरी आले होते. लढाई संपली तरी लेव्ही, म्हणजे सरकारची सक्तीची धान्यवसुली, काही संपली नव्हती. त्या दिवशी लेव्हीचा नवा कारकून आमच्या घरी आला. नाव नाथाजी, पाचगणीच्या बाजूचा, पंचविशीतला. ज्वारी बघितली, कागदावर लिहून घेतलं आणि उठला. दिवस कलायला आला होता.

"पावनं, हातपाय धुवा. ताटं वाढत्यात," आज्जा म्हणाला.

"नको नको. मला अजून पुढचं गाव करायचंय."

"करा की. गाव काय पळून जातंय? दोन घास खावा आन जावा."

"नको आजोबा, खरंच नको," तो हसत म्हणाला.

आता आमचं असं आहे. आम्ही जैन. दिवस बुडाला की आमच्या घरात तोंडात काही जात नाही. आणि पाहुणा उंबऱ्यातून उपाशी गेला तर आज्जा ताटावर बसत नाही. म्हणजे पाहुणा उपाशी गेला, की आज्जा दुसऱ्या सकाळपर्यंत उपाशी, आणि आज्जा उपाशी तर आम्हीही. म्हणून आमच्याकडं संध्याकाळच्या पाहुण्याला आग्रह जरा दांडगा असतो.

आज्जानं त्याचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. नांगर धरून धरून आज्जाचा हात म्हणजे लोखंड. मग माझ्याकडं बघून भुवई उडवली. ही खूण आमच्याकडं पाच वर्षांच्या पोरालाही कळते. मी पळत गेले, पाहुण्याचे बूट कणगीमागं टाकले, दाराला आतून कडी घातली आणि वर टाळी वाजवून म्हणाले, "आता बघू, कसं जाताय!"

हे मी म्हणाले. मीच.

तो जेवला. अर्धी भाकरी, थोडा भात. हसत होता, पण घासागणिक पाणी पीत होता. मला वाटलं, आमटी तिखट झाली. मग हात धुवायला म्हणून परड्यात गेला आणि गडग्यावरून उडी टाकून अनवाणी पसार झाला. आम्ही पोट धरधरून हसलो. आज्जा म्हणाला, "लाजाळू दिसतंय पोरगं."

रविवारी सकाळी पोलीस आले. सरकारी कारकुनाला घरात कोंडलं, मारायला धरलं, असं त्यांचं म्हणणं. दहाच दिवसांपूर्वी दुसऱ्या एका गावात भूमिगतांनी एका कारकुनाला घरात बसवून त्याचे सगळे कागद जाळले होते. त्यामुळं पोलीस काही ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. आज्जा फेटा बांधून निमूट चालायला लागला. आईनं भाकरीचं गठुडं आणायला आत धाव घेतली, ती बाहेर येईतो गाडी वेशीपार गेली होती.

तालुक्याच्या गावी भाऊसो वकील म्हणून आहेत. त्यांनी दुपारपर्यंत कागदाची नक्कल काढून पाठवली. कागद इंग्रजीत. अंगणात सगळी गल्ली गोळा झाली आणि आईनं तो कागद माझ्या हातात दिला.

"वाच. ह्याच्यासाठीच शिकवलंय तुला."

मी वाचला. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी गुन्हेगारी फोर्स वापरला, असा आरोप होता. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. दोन वर्षं मी हळूच म्हटलं, तरी आईनं ऐकलं आणि खाली बसली.

"फोर्स म्हंजी काय गं?" कुणीतरी विचारलं.

आमच्या शेजारचे हंबीरराव नुकतेच लढाईवरून आलेले. ते म्हणाले, "फोर्स म्हंजी फौज, पलटन. आमी त्यातच हुतो न्हवं. पर आज्जाकडं कुटली पलटन आली, त्ये काय कळंना."

मलाही कळेना. शाळेत आम्ही फोर्स शिकलो होतो तो चेंडूला ढकलायचा. मारझोडीला काय म्हणतात ते येत होतं. पण हाताला धरून भाताजवळ बसवणं कुठल्या शब्दात बसतं? मला एकदम वाटलं, ह्या एका शब्दात आज्जा अडकलाय, आणि तो शब्द फोडला की आज्जा सुटेल. असलं काहीतरी मला फार पटकन वाटतं.

सोमवारी पहाटे उठून मी सांगलीला चालत गेले आणि शाळा भरायच्या आत इंग्रजीच्या बाईंना गाठलं. बाईंनी कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला. त्या एका शब्दाला अर्थ तरी किती! जोर. बळ. जबरदस्ती. सैन्य. कायद्याचा अंमल, कायदा लागू झाला म्हणजे तो फोर्समध्ये आला म्हणायचं. बोलण्यातला ठसका, तोही फोर्सच. बाई म्हणाल्या, "हा शब्द इंग्रजांचा नाहीच मुळात. फ्रेंचांकडून आला, आणि त्यांना मिळाला लॅटिनमधून. फॉर्टिस म्हणजे बळकट. त्याच घरातला फोर्ट, म्हणजे किल्ला. एफर्ट, म्हणजे प्रयत्न. आणि कम्फर्ट."

"कम्फर्ट? म्हणजे आराम?"

"आज आराम. पूर्वी त्याचा अर्थ होता धीर देणं, दुसऱ्याला बळ देणं."

मी जागच्या जागी उडी मारली. बाई दचकल्या. पण मला खटला जिंकल्यासारखंच झालं होतं! थकल्याभागल्याला भाकरी देऊन बळ देणं, हा फोर्सचाच सख्खा भाऊ. इंग्रजाच्या कोर्टात इंग्रजाचाच शब्दकोश उघडून दाखवायचा. आज्जा सुटला!

त्या आनंदात मी वर्गात जाऊन सगळ्यांना सांगितलं, आणि मग त्या खिदळल्या. दुपारी हजेरी न देताच मी निघाले.

मंगळवारी आई आणि मी तालुक्याला गेलो. आधी लॉकअपपाशी. तिथं कोंडीबा नावाचे हवालदार पहाऱ्यावर होते. आईनं गठुडं पुढं केलं, तर त्यांनी हात जोडले.

"बाई, मी काय करू सांगा. भायरचं जेवान फौजदार सायबांनी बगितल्याबिगर आत द्यायचं न्हाई. आन सायेब येत्यात दिवं लागल्यावर. काल तुमच्या मानसानं आनलेलं दिलं की मी रातीला. म्हातारा हात लावंना, सकाळपतोर ठेवलं तर शिळं म्हून खाईना."

"त्यांनी दिवस बुडाल्यावर कवाच खाल्लेलं न्हाई वो."

"मग हितलं सकाळचं खावं. तेबी खाईना. कांदा हाय म्हन्तो. पानी तेवडं उपरण्यात गाळून पितोय."

गजाआड आज्जा भिंतीला टेकून बसला होता. तीन दिवसांत त्याचा गळा एवढा बारीक झाला होता, की सदरा दुसऱ्याचा वाटत होता.

"चंदे, काय लिवलंय गं माज्याबद्दल, विंग्रजीत?"

"तुमी फोर्स वापरला म्हणून लिवलंय."

"फोर्स म्हंजी?"

"जबरदस्ती. जोर."

"मग वापरला की!" आज्जा म्हणाला. "हाताला धरल्याबिगर पावना बसतोय व्हय कुटं?"

"आवं, हळू बोला," आई कळवळली.

कोंडीबांनी तोंड फिरवलं. बहुतेक हसू लपवायला.

भाऊसो वकिलांपुढं मी शब्दकोशातलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. फॉर्टिस, फोर्ट, कम्फर्ट. त्यांनी शांतपणे पान चघळलं आणि म्हणाले, "बाळ, कोर्टात शब्दाचा आजा-पणजा चालत नाही. कलमात काय लिहिलंय तेवढंच चालतं." मग एक लाल पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "घे, तुला इंग्रजी येतं ना? वाच."

मी वाचलं. माझा फुगा तिथंच फुटला. कायद्यात शब्दकोश नव्हताच. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध हलवलं किंवा थांबवलं की झाला फोर्स. बळ देण्याघेण्याचं काही नाही. पुढं मात्र एक लांबलचक वाक्य होतं. ते मी बोट ठेवून तीनदा वाचलं. तो फोर्स गुन्हेगारी ठरायला करणाऱ्याचा हेतू वाईट पाहिजे. नाहीतर ह्यानं समोरच्याला इजा होईल, भीती वाटेल, त्रास होईल, हे त्याला कळत असलं पाहिजे.

"आज्जाला हे कळत नव्हतं," मी म्हणाले.

"हे कोण सिद्ध करणार? कारकून म्हणतो, मी भ्यालो. त्यापेक्षा सोपं सांगतो. म्हातारबांनी म्हणायचं, मी हात लावलाच नाही. साक्षीदार कोण? तुम्ही दोघी. संपलं."

"आणि कडी?" मी विचारलं. "कडी मी घातली. मी सांगते साहेबांना."

"गप!" आई आणि वकील एकदमच म्हणाले. वकील पुढं म्हणाले, "पंधरा वर्षांच्या मुलीचं नाव पोलिसाच्या कागदावर चढलं की खोडता येत नाही. कडीबद्दल अवाक्षर काढू नकोस."

आज्जाला हा निरोप मीच सांगितला, गजातून. त्यानं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "पोटात काय न्हाई तीन दीस. आता तोंडातबी खोटं भरू व्हय?"

मी वैतागले. चक्क ओरडले. "मग जावा साताऱ्याच्या जेलात! तिथं तर रोजच दिवे लागल्यावर जेवण. दोन वर्षं काय वारा खाणार हाय?"

"दोन वर्सं कशाला? पंधरा दिसांत सुटंन की मी," आज्जा म्हणाला. इतक्या सहज, की मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझे गज धरलेले हात सुटेनात. आईनं बोटं एकेक करून सोडवली.

बुधवारी आम्ही नाथाजीच्या खोलीवर गेलो. आईनं त्याचे बूट पुसून पदराखाली आणले होते. त्यानं दार उघडलं आणि आम्हाला बघून मागं सरकला. दोन बायकांना बघून! मला राग आला, पण त्याचा चेहरा बघितला आणि राग अर्धा झाला. डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"मी खोटं लिहून दिलेलं नाही," तो आधीच म्हणाला. "दार लागलं, तुम्ही टाळी वाजवलीत, तेव्हा मला वाटलं, संपलं. परड्यात कुणीतरी कोयता घेऊन बसलंय, एवढंच डोळ्यापुढं होतं. घास कसा गिळला माझं मला माहीत. अजून झोप येत नाही."

त्याला मीच भ्यायला लावलं होतं, म्हणजे. मी.

"तुमी आज्जाला सांगितलं का, मला भ्या वाटतंय म्हणून?" मी विचारलं.

"असं कुणी सांगतं का? मी हसत होतो. दुसरं काय करणार?"

"उद्या कोर्टात एवढंच सांगा. हसत होतो म्हणून."

"म्हणजे सगळ्या तालुक्यापुढं म्हणू, की सरकारी माणूस एका म्हाताऱ्याला भ्याला आणि खोटं हसत जेवला? साहेब मला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील. आई माझ्या मनिऑर्डरीवर जगते."

"आमचा म्हातारा मरंल वो," आई म्हणाली. तेवढंच.

त्यानं बूट घेतले, खाली बघितलं आणि दार लावलं. रस्त्यात आई मला म्हणत होती, "रडू नगं, लोकं बघत्यात," आणि स्वतः रडत होती.

तरीही तो प्रश्न मी कागदावर लिहिला आणि वकिलांच्या हातात कोंबला. 'भीती वाटते असं तुम्ही आरोपीला सांगितलंत का? तुमच्या तोंडावर काय होतं?' वकील म्हणाले, विचारून बघू.

गुरुवारी मॅजिस्ट्रेट साहेब दौऱ्यावरून आले. त्यांची वाट बघण्यातच जामीन अडला होता. आमचं काम पुकारलं दुपार उलटल्यावर. आज्जाला कोंडीबांनी बगलेत धरून आणलं. पाचवा दिवस. आज्जाचे ओठ पांढरे पडले होते.

"तुम्ही ह्यांचा हात धरला?" साहेबांनी विचारलं.

वकिलांनी खोकून बघितलं.

"धरला. मनगाट धरलं आन खाली बशिवला," आज्जा म्हणाला.

वकिलांनी कपाळाला हात लावला.

"दार कुणी लावलं?"

आज्जानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "घर माजं हाय सायेब. त्याच्या कडीचा जबाब मीच द्यायचा."

मी उठायला लागले, तर आईनं मांडीवर असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

मग नाथाजी पिंजऱ्यात उभा राहिला. भ्यालो, हे त्यानं सांगितलं. वकिलांनी माझा प्रश्न विचारला. नाथाजी सदऱ्याची गुंडी चाचपत राहिला. साहेब म्हणाले, "उत्तर द्या." त्यानं आज्जाकडं बघितलं. आज्जाला तेव्हा उभं राहवत नव्हतं; दोन्ही हातांनी कठड्याला धरून तो वाकला होता.

"नाही सांगितलं," नाथाजी म्हणाला. आवाज अगदी बारीक. "मी हसत होतो. मी भ्यालोय हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. मला वाढताना ते म्हणाले, सावकास खा बाळा."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. नाथाजीचे कान लालबुंद झाले, पण त्यानं शब्द मागं घेतला नाही.

साहेब बराच वेळ लिहीत बसले. मग म्हणाले, फोर्सचा आरोप सिद्ध होत नाही. मी आईला मिठीच मारली. पण साहेब पुढं बोलत होते. दार लावून माणसाची वाट अडवली, हे आरोपीला मान्य आहे. वय बघता शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद.

"म्हणजे इथंच बाकावर बसायचं," वकील हसून म्हणाले. "साहेब उठले की म्हातारबा मोकळे. जिंकलात!"

मी खिडकीकडं बघितलं. चिंचेच्या खोडावर ऊन नव्हतं. वरच्या निम्म्या फांद्यांवर तेवढं होतं, आणि तेही पिवळं. बाहेर आईनं सकाळपासून भाताच्या पेजेचं भांडं फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. साहेबांपुढं अजून कागद होते. आज्जा बाकावर बसला, आणि बसल्या बसल्या एका बाजूला कलला. कोंडीबांनी सावरला. आजचा दिवस गेला की उद्या सकाळी उजाडल्यावरच अन्न, आणि तेवढी रात्र तो काढेल असं मला वाटेना. सगळं माझ्या एका कडीमुळं.

मी उभी राहिले. मनात सुंदर इंग्रजी वाक्य जुळवलं होतं. तोंड उघडलं आणि ते कुठं गेलं कुणास ठाऊक.

"सायेब, कडी मी घातली! मला बसवा, आज्जाला सोडा!"

शिपाई धावला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. "मुली, शिक्षा सांगून झाली. ती आता बदलत नाही."

"मग तुमी उठा की!"

कोर्टात हशा पिकला. मी हसले नाही. मी सांगत सुटले: पाच दिवस, दिवे लागल्यावरचं जेवण, उपरण्यात गाळलेलं पाणी, चिंचेवरचं ऊन. धापा टाकत सगळं सांगितलं. हशा हळूहळू थांबला. साहेब आज्जाकडं बघत राहिले, पण म्हणाले, "एका माणसासाठी कोर्ट उठत नाही. शेवटचं एक काम आहे. ते झालं की उठेन." आणि पुकारा झाला.

शेवटचं काम धोंडुबाई नावाच्या एका बाईचं. शेजाऱ्यानं हिची म्हैस कोंडवाड्यात घातली होती. ही बाई दुपारभर बाहेर बसून येईल त्याला ती हकीकत सांगत होती, आणि म्हशीच्या आईपासून सुरुवात करत होती. मी ऐकली होती. तासाखाली ती आवरणारी नव्हती. पिंजऱ्याकडं जाताना ती माझ्या शेजारून गेली, तेव्हा मी तिच्या लुगड्याला हात घातला. "मावशी, थोडक्यात सांगा. पाया पडते."

तिनं माझा हात झटकला. "सा म्हैनं वाट बगितलीया मी ह्या दिसाची!" आणि चढली पिंजऱ्यात.

"बोला," साहेब म्हणाले.

धोंडुबाईनं पदर सारखा केला, घसा साफ केला. समोरच्या बाकावर आज्जा होता. त्याचे डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. ती बघत राहिली. ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं होतं.

"बोला बाई. म्हशीचं काय?"

"म्हस का?" धोंडुबाई म्हणाली. "म्हस उद्याबी म्हसच ऱ्हातीया सायेब. ह्या म्हाताऱ्याचं काय खरं न्हाई. मला पुढची तारीक द्या."

साहेबांनी चष्मा काढला. काहीतरी लिहिलं. आणि खुर्ची मागं सरकवून उठले.

कोंडीबा आणि नाथाजी, दोघांनी मिळून आज्जाला पायऱ्यांवरून खाली आणला. आई आधीच पळत जाऊन फडकं सोडत होती. आज्जाला भांडं धरता येईना, म्हणून मी धरलं. पहिला घोट ओठांवरून हनुवटीवर आला. दुसरा आत गेला. तिसऱ्याला त्यानं डोळे उघडले आणि चिंचेकडं बघितलं.

"हाय का गं आजून?"

"हाय," मी म्हणाले. "प्या तुमी."